कडब्याची भाकरी

युद्धाचं दुसरं वर्ष लागलं तेव्हा सांगवीच्या बाजारात युद्धाबद्दल कोणी बोलेनासं झालं होतं. बोलणं असायचं ते ज्वारीबद्दल. समुद्रात जहाजं अडकली होती, म्हणून डिझेल येत नव्हतं आणि खत येत नव्हतं. ट्रॅक्टर उभे राहिले, विहिरींवरचे पंप बंद पडले आणि लागोपाठचे दोन हंगाम निम्म्यावर आले. तोफा फार लांब होत्या. सांगवीत त्यांची झळ रेशनच्या दुकानात लागायची, काट्यावर माप पडताना.

महानंदा हलकुडे एसटीत कंडक्टर होती. गाड्या बंद झाल्यावर ती अर्ध्या पगारावर घरी बसली. भरल्या गाडीत चारी बाजूंनी माणसं ओरडत असतानाही तिचा आवाज कधी चढला नव्हता, आणि डेपोत ती त्यासाठीच ओळखली जायची. तिचा नवरा वैजनाथ मोबाइलवर ‘चौकातली बातमी’ नावाची वाहिनी चालवायचा. एक कॅमेरा, एक माइक आणि तो स्वतः, एवढाच पसारा. घरात वैजनाथचे वडील होते, हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झालेले आप्पा. आणि नऊ वर्षांची ईरा.

मोठ्या वाहिन्यांवर रोज तेच चालायचं. एकीवर सरकारी गोदामं छपरापर्यंत भरलेली दिसायची, दुसरीवर तीच गोदामं रिकामी. दोन्ही चित्रं यंत्राने बनवलेली असू शकत होती आणि दोन्ही खरी असू शकत होती. डोळ्यांनी ते ओळखायचे दिवस संपले होते. वैजनाथने एकदा परवानगी काढली, गोदामात गेला, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि ज्वारी ओंजळीत घेऊन लोकांना दाखवली. आठवडाभर गाव निवांत झोपलं. मग कोणीतरी तोच व्हिडिओ फिरवला. तेच गोदाम, तोच वैजनाथ, तोच आवाज, पण पोत्यातून भुसा निघत होता. चौकात लोक त्याला विचारायला लागले, की या दोघांतला तू कोणता? त्याने पुष्कळ सांगितलं. जितकं सांगितलं तितका संशय वाढला. तेव्हापासून तो घरातही कमी बोलायचा.

उन्हाळ्यात रेशन पुन्हा कमी झालं. महानंदा भाकऱ्या मोजून करायला लागली. आप्पा जेवायला बसले की पोट जड आहे म्हणायचे आणि अर्धी भाकरी ठेवून उठायचे. एका दुपारी ते अंगणातल्या नळाशी कोसळले. डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं की यांना आजार काहीच नाही, हे जेवत नाहीत. ईरा दाराशी उभी होती. आजोबा त्यांची भाकरी रोज माझ्या डब्यात टाकतात आणि कुणाला सांगू नको म्हणतात, असं तिने रडत सांगून टाकलं.

त्याच आठवड्यात तस्नीम मुजावर गावात आली.

तस्नीम आणि महानंदा सातवीपर्यंत एका बाकावर बसत. तस्नीम पुढे शिकून जिवाणूशास्त्रज्ञ झाली होती, पुण्यात एका संशोधन संस्थेत होती. तिच्या गटाने तयार केलेल्या एका जिवाणूची परवानगी सरकारने युद्धाच्या घाईत दिली होती आणि तो वाटायला ती आली होती. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं, पण लोक त्याला ‘रवंथ’ म्हणत.

महानंदाच्या ओट्यावर बसून तस्नीमने तिला सगळं समजावलं. ज्वारीचा दाणा आणि ज्वारीचा कडबा या दोन्ही मुळात साखरेच्याच साखळ्या. दाण्यात साखळीच्या कड्या एका पद्धतीने जोडलेल्या असतात, कडब्यात उलट्या. आपल्या पोटातली कात्री पहिला जोड कापते, दुसरा तिला कापता येत नाही, म्हणून कडबा आपल्या पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो. ती दुसरी कात्री गाईकडेही नसते. तिच्या पोटात राहणाऱ्या जिवाणूंकडे असते. गाय त्यांना चारा पुरवते आणि ते गाईला पोसतात. तस्नीमच्या गटाने वाळवीच्या पोटातल्या जिवाणूकडची कात्री उचलून माणसाच्या मोठ्या आतड्यात पहिल्यापासून राहणाऱ्या एका जिवाणूला दिली होती. तो जिवाणू कडबा आंबवतो, त्यातून सौम्य आम्लं तयार होतात, आतडं ती शोषून घेतं आणि त्यावर शरीर चालतं. कडबा मात्र बारीक दळावा लागतो, चुन्याच्या निवळीत भिजवून धुवावा लागतो आणि सोबत थोडी डाळ हवीच, कारण नुसत्या कडब्यात अंग धरायला काही नसतं.

“चांगलं सांगून झालं,” तस्नीम म्हणाली. “आता वाईट ऐक. हा एकदा पोटात बसला की त्याला रोज कडबा लागतो. नाही मिळाला तर तो तुझ्याच आतड्याचं अस्तर खातो. तरण्या माणसाचं अस्तर जाड असतं, भरून येतं. लहान मुलांचं कोवळं असतं, म्हाताऱ्यांचं झिजलेलं. बारा वर्षांच्या आत आणि साठीच्या पुढे हे द्यायचं नाही. नंदे, त्याला मारणारं औषध असं सहज मिळत नाही, तेव्हा परत फिरता येणार नाही, हे कळतंय ना तुला?”

महानंदाने विचारलं की तिच्या वाटणीची ज्वारी मग घरात उरेल ना. तस्नीम हो म्हणाली.

वैजनाथला ते पटलं नाही. बायकोने जनावरांचं खायचं आणि आपण ज्वारी खायची, हे त्याला कसंतरीच वाटत होतं. महानंदाने त्याच्याशी वाद घातला नाही. आप्पा पुन्हा पडले तर उचलायला तुम्ही घरी असाल का, एवढंच तिने विचारलं.

तिने रवंथ ताकातून घेतलं. पहिले दिवस वाईट गेले. अंगात कणकण, पोटात मुरडा, आणि ढेकर यायचा तो आंबूस. तस्नीमने गावातल्या रवंथ घेणाऱ्या सगळ्यांना त्याचं विरजण जपून ठेवायला सांगितलं होतं, कारण एखाद्या औषधाने पोटातले जिवाणू मेले तर पुन्हा घ्यावे लागत. महानंदाने ते एका बरणीत ठेवलं आणि ताक घालून जिवंत राखलं. मग एका सकाळी तिला जाग आली तेव्हा पोट शांत होतं आणि हातापायांत जोर होता. कडब्याची भाकरी तपकिरी, जाड, तोडायला चिवट. चव ओल्या पोत्याची. ती खायला महानंदाला इतरांच्या दुप्पट वेळ लागायचा. जेवण झाल्यावर तास दोन तास अंग जड व्हायचं आणि अंगाला मुरघासाचा, म्हणजे मुरवलेल्या चाऱ्याचा, आंबटगोड वास यायचा. तो तिला स्वतःला कळत नसे. ईराला कळायचा. ती आईच्या कुशीत यायची, पण तोंड दुसरीकडे करून.

तरी महानंदाला बरं वाटत होतं. आप्पांच्या ताटात पूर्ण भाकरी पडत होती आणि ईराच्या डब्यात दोन.

कडबा आणायला ती कापडी पिशवी घेऊन बाजारात जायची. पहिल्यांदा गेली तेव्हा गल्लीत दूध घालणारा गवळी तिथेच पेंढ्या निवडत उभा होता. दोन महिन्यांनी त्याने म्हशी विकल्या, कारण माणसं कडबा दळून न्यायला लागल्यावर चारा मिळेनासा झाला होता. गल्लीतलं दूध बंद झालं. महानंदाला ते लागलं, पण करण्यासारखं काही नव्हतं.

व्हिडिओची कल्पना वैजनाथची. गावात रवंथविषयी काहीबाही पसरलं होतं. कोणी म्हणे शिंगं फुटतात, कोणी म्हणे शत्रूचंच काम आहे हे. लोक विरजण घेऊन जात आणि गटारात ओतत. वैजनाथ म्हणाला की मी कितीही सांगितलं तरी आता माझं कोणी ऐकणार नाही, पण तुला गाव ओळखतं.

महानंदाने कॅमेऱ्यासमोर कडबा भिजवला, पीठ मळलं, भाकरी थापली आणि खाल्ली. खाताना सगळं सांगितलं. मुलांना द्यायचं नाही, म्हाताऱ्यांना द्यायचं नाही, क्षयाची किंवा तसली औषधं चालू असतील तर उपयोग नाही, कारण औषध या जिवाणूलाही मारतं. डाळ लागते. रेशन चालूच राहायला हवं, कारण घरात न घेणारे असतात. शेवटी ती म्हणाली, “घाबरू नका. मी रोज हेच खाते. मला आता रेशनची काळजी नाही.”

हे शेवटचं वाक्य तिने सहज म्हटलं होतं. ज्वारीचा आपला वाटा घरच्यांना मिळतो, म्हणून काळजी नाही, असा त्याचा अर्थ होता.

एका मोठ्या वाहिनीने तेवढंच उचललं. महानंदाचा शांत चेहरा, हातात भाकरी, आणि ती तीन वाक्यं. देशभर तो तुकडा फिरला. कोणी तिला वीरांगना म्हटलं. कोणी म्हणालं की ही बाई अस्तित्वातच नाही, यंत्राने बनवलीय. कोणी तिच्या नावाने दुसरी गावं आणि दुसरे नवरे शोधून काढले. पुरा व्हिडिओ वैजनाथच्या वाहिनीवर होता, पण तो लांब होता आणि फारसं कोणी बघत नव्हतं.

पावसाळा सरताना आदेश निघाला. रवंथ आता सिद्ध झालं असून प्रत्येक घराने स्वावलंबी व्हावं, अशी त्याची सुरुवात होती. बारा वर्षांच्या पुढच्या सगळ्यांची ज्वारी बंद. त्याऐवजी कडब्याचं पीठ, विरजण आणि मूठभर डाळ मिळणार. धान्य फक्त लहान मुलांना आणि सैन्याला. आदेश जाहीर करताना पडद्यावर महानंदाचा चेहरा होता.

तस्नीमने पुण्याहून जाहीर विरोध केला. दुसऱ्या दिवशी तिचाच एक व्हिडिओ आला. त्यात ती हसत हसत सांगत होती की रवंथ सर्व वयांना सुरक्षित आहे. ती असं कधीच बोलली नव्हती. तिने खुलासा केला, तेव्हा लोकांनी खुलाशालाच बनावट ठरवलं.

आदेशानंतर पहिल्यांदा दारात आली ती शालन. ती दोन घरं सोडून राहायची. तिचा नवरा दिगंबर मार्केट यार्डात तोलारी करायचा, धान्य तोलायचा. त्याला क्षय झाला होता आणि औषधं चालू होती. शालन आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून तिने सांगितलं की दिगंबरला पीठ खायला घालते, पण ते तसंच बाहेर पडतं. औषधं बंद केली तर क्षय मारेल असं डॉक्टर म्हणतात.

“नंदाताई, तुम्ही टीव्हीवर काळजी नाही म्हणालात,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. “आमची पण नाही का?”

महानंदाने तिला आपण काय बोललो होतो ते सगळं सांगितलं. शालनने ऐकून घेतलं. तिला खरं वाटलं की नाही ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

त्या संध्याकाळी वैजनाथने तिला सुचवलं की आपण दुसरा व्हिडिओ करू. त्यात ती अंथरुणावर पोट धरून पडलेली असेल, रडेल, रवंथने आपला घात केला म्हणेल. लोकांचा शांत चेहऱ्यावर विश्वास बसला, तर रडत्या चेहऱ्यावर त्याहून लवकर बसेल. आरडाओरडा झाला की आदेश मागे घेतील.

महानंदा नाही म्हणाली. तिने कारणही सांगितलं. आता घराघरात तेच पीठ होतं. तिच्या रडण्याला घाबरून धडधाकट माणसांनी विरजण फेकलं आणि पीठ खाणं सोडलं, तर पोटात बसलेला जिवाणू त्यांनाच खाणार. आणि नव्यांनी घेतलं नाही तर त्यांच्यापुढे दुसरं अन्न नव्हतंच.

“आणि आप्पा काय खातील?” वैजनाथने विचारलं.

ईराच्या वाट्याची ज्वारी होती, ती दोघांत वाटायची असं तिने ठरवलं. वैजनाथनेही आता रवंथ घेतलं होतं. त्या रात्रीपासून ताटं वेगळी झाली. एका बाजूला दोन तपकिरी भाकऱ्या, दुसऱ्या बाजूला एकीचे दोन पांढरे तुकडे. आप्पा आपला तुकडा हातात धरून बसायचे. नातीच्या ताटातलं आपल्याला जात नाही, असं ते एकदा म्हणाले. महानंदाने आग्रह केला तेव्हा त्यांनी तो खाल्ला.

काही दिवसांनी ते बरे दिसू लागले. ईराचा तुकडा तिलाच द्या, मला डाळीचं पाणी आणि तुमच्यातलं थोडं पीठ पुरतं, वयाने भूकच मेलीय, असं सांगू लागले. महानंदाला शंका आली, पण त्यांच्या बोलण्यात उमेद होती. त्यांनी जुना रंगांचा डबा काढला होता आणि ईराला पाटीवर बैल काढायला शिकवत होते.

तिला कळलं ते वासावरून. एका सकाळी ती त्यांचं अंथरूण झटकत होती. चादरीला तोच आंबटगोड वास होता, जो तिच्या स्वतःच्या कपड्यांना यायचा असं ईरा म्हणायची. तिने बरणी पाहिली. विरजण तळाला गेलं होतं.

तोवर उशीर झाला होता. आप्पांना दात नव्हते. चिवट भाकरी त्यांना पोटभर चावता येत नव्हती, म्हणून ते थोडंच खात, आणि जिवाणूला तेवढं पुरत नव्हतं. दोन दिवसांत त्यांच्या शौचातून काळं रक्त जाऊ लागलं. सरकारी दवाखान्यात सलाइन लावलं. रक्त द्यायला हवं होतं, पण ते आघाडीवर जात होतं. तस्नीम पुण्याहून मिळेल त्या मालगाडीने आली. तिने औषध देऊन जिवाणू मारला. पण अस्तर आधीच गेलं होतं.

महानंदा त्यांच्या उशाशी बसली होती. त्यांनी डोळे उघडले आणि तिला जवळ बोलावलं.

“तुझा व्हिडिओ मी पुरा पाहिला होता, पोरी. म्हाताऱ्यांना नको म्हणालीस, तेही ऐकलं होतं.”

“मग का घेतलंत, आप्पा?”

“तिच्या ताटातलं खायचं नव्हतं,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “बरं वाटलं होतं गं मधले दिवस. पोट भरलं होतं.”

दुपारी ते गेले.

हलकुडे लिंगायत, त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात. स्वामींना निरोप गेला, माणसं खड्डा खणायला गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात तस्नीमने महानंदाला बाजूला घेतलं. तिला बोलणं जड जात होतं. जिल्ह्यात अशी म्हातारी माणसं आणखी गेली आहेत, ती म्हणाली, पण प्रत्येक ठिकाणी वृद्धापकाळ असं लिहून मोकळे होतात. शवविच्छेदन झालं, आतड्याचा तुकडा तपासून त्यावर सरकारी डॉक्टरची सही झाली, तर पुरवठा अधिकाऱ्यापुढे ठेवायला काहीतरी हाताशी येईल. त्याला मुलाची परवानगी लागेल.

महानंदाने वैजनाथला विचारलं. त्याने आधी ऐकू आलं नाही असं केलं. मग तो वळला.

“तुझ्या चेहऱ्यावर आदेश निघाला. आता माझ्या बापाचं पोट फाडून तो मागे घ्यायचा?”

“हो,” ती म्हणाली. तिचा आवाज तेव्हाही चढला नाही, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला असावा. “अहो, बातमीवर कोणाचा विश्वास उरलेला नाही. तुमच्यावर नाही, माझ्यावर नाही, हिच्यावर नाही. यावर तरी बसेल का, मला माहीत नाही. पण घरोघरी असे आप्पा आहेत.”

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग त्याने तस्नीमच्या हातातला कागद घेतला, सही केली आणि बाहेर निघून गेला. संध्याकाळी आप्पांना पोटावर टाके घातलेले असताना बसवावं लागलं. पांढऱ्या वस्त्राखाली टाके दिसत नव्हते, पण वैजनाथने हात लावला तेव्हा त्याला ते लागले. त्याने कॅमेरा नेला नव्हता. त्या दिवसापासून तो महानंदाशी बोलला नाही. कडबा भिजवायचा, पाणी भरायचा, ईराला शाळेत सोडायचा, सगळं करायचा. बोलायचा नाही.

महानंदालाही रडू आलं नव्हतं. एकदा भाकरी थापताना तिचे हात थांबले आणि ती तव्यासमोर नुसतीच बसून राहिली. तवा तापून धूर यायला लागला तेव्हा ईराने येऊन चूल विझवली.

अहवाल आला. तस्नीमने दुसऱ्या तालुक्यातले आणखी दोन मिळवले. तिन्हीत एकच लिहिलं होतं, आतड्याचं अस्तर जिवाणूने खाल्लं. हिवाळ्याच्या सुरुवातीला पुरवठा अधिकाऱ्याने तहसील कार्यालयात सुनावणी ठेवली. वाहिन्यांना बोलावलं नव्हतं, आणि कोणी फिरकलंही नाही. खोलीत वीस-पंचवीस माणसं होती, बहुतेक गल्लीतलीच. महानंदाने उभं राहून काय घडलं ते सांगितलं. विरजणाची बरणी आपल्याच घरातली होती, तेही सांगितलं. अधिकारी तरुण होता आणि थकलेला दिसत होता. त्याने अहवाल दोनदा वाचला. मग साठ वर्षांवरच्या माणसांची ज्वारी पुढच्या महिन्यापासून पुन्हा सुरू करतो असं तो म्हणाला. तेवढा अधिकार त्याच्याकडे होता.

मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने हात जोडले.

तेव्हा शालन उठली. तिने दिगंबरबद्दल सांगितलं. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या आणि जिने चढवत नव्हते. तस्नीमनेही उठून दुजोरा दिला की अशा औषधांवर हा जिवाणू जगूच शकत नाही. ते तपासून सिद्ध करता येतं, पण त्याला लागणारी रसायनं परदेशातून यायची आणि ती कधी येतील सांगता येत नाही.

अधिकाऱ्याने मान हलवली. “क्षयाच्या रुग्णांबाबत असा पुरावा आपल्याकडे अजून नाही.”

“कसला पुरावा, साहेब?” शालनने विचारलं.

तो समोरच्या शवविच्छेदनाच्या अहवालांकडे बघत राहिला. शालनने त्या कागदांकडे पाहिलं, मग महानंदाकडे पाहिलं आणि पदर सावरून ती बाहेर गेली.

महानंदा घरी आली. वैजनाथ सुनावणीला मागे उभा होता, तोही तिच्या पाठोपाठ आला, चार पावलं मागे. तिने ईराच्या पिठाचा डबा उघडला. तळाशी ज्वारीचं पीठ होतं, महिना संपेपर्यंत पुरवायचं. तिने ईराला हाक मारली आणि विचारलं. दिगंबरकाकांना रोज एक भाकरी द्यायची तर ती तुझ्यातलीच असेल. नाही म्हणालीस तरी चालेल.

ईराला भूक लागायची, अलीकडे सारखीच लागायची. आजोबांच्या वेळी तिला कोणी विचारलं नव्हतं.

“अर्धी दे,” ती म्हणाली.

महानंदाने एक भाकरी केली, मधोमध मोडली, अर्धी ईराच्या ताटात ठेवली. उरलेली अर्धी फडक्यात बांधली आणि जायला उठली. वैजनाथ दारात होता. त्याने हात पुढे केला. तिने फडकं त्याच्या हातात दिलं. तो गेला.

तो लवकर परतला नाही. ईराचं खाऊन झालं, ती पाटी घेऊन बसली. बाहेर दिवेलागणीचा अंधार पडत होता आणि गल्लीत दिवे नव्हते. शेवटी तो आला, पायऱ्यांवर बसून त्याने चपला काढल्या.

“खाल्ली त्याने?” महानंदाने विचारलं. उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं.

“निम्मी खाल्ली. निम्मी सकाळला ठेवलीय.” त्याचा आवाज न बोलण्याने घोगरा झाला होता. “येताना कोपऱ्यापर्यंत सगळी दारं वाजवली. लहान मूल असलेली पाच घरं आहेत. दोघांनी तोंडावर दार लावलं.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे देतील म्हणाले. अर्धी अर्धी.” तो आत आला आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. “एकाने विचारलं, याची बातमी करणार का? नाही म्हटलं. मग त्याने दार उघडलं.”